नातं मोडलं, मग किंमत का उतरावी?

प्रेमात ठेच लागलेल्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात, कधीकधी एकाच घरात. आजी म्हणते, ‘पोरगं आयुष्यातून उठलं.’ कॉलेजात जाणारी चुलत बहीण म्हणते, ‘ब्रेकअप काय, सगळ्यांचेच होतात. मूव्ह ऑन कर.’ पहिलं बोलणं दुःखाला फार मोठं करतं आणि दुसरं त्याला उभंच राहू देत नाही. जुन्या नात्यांचा माणसाच्या आत्मसन्मानावर परिणाम होतो, यात वाद नाही. पण तो परिणाम वर्षानुवर्षं टिकतो तेव्हा त्याला सोडून गेलेला माणूस जबाबदार असतोच असं नाही. नातं तुटल्यावर आपण स्वतःबद्दल जो निकाल लावतो आणि भोवतालचे लोक जे लपवायला लावतात, त्या दोन गोष्टी जास्त जबाबदार असतात. त्यातली पहिली व्यक्तीने सुधारायची आहे. दुसरी समाजाने सुधारायची आहे, आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

आधी आकड्यांकडे बघू. इव्हा लुचियानो आणि उलरिख ओर्थ यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या नऊ हजारांहून अधिक लोकांची अनेक वर्षं गोळा झालेली माहिती त्यांनी तपासली. नवं नातं जुळलं की आत्मसन्मान वाढत होता, पण ते नातं निदान वर्षभर टिकलं तरच. नातं तुटलं की तो घसरत होता, आणि वर्षभरानंतर पाहिलं तर ही घसरण उरलेली नसायची. त्याच्या आधी तपासलेली आणखी एक गोष्ट इथे जोडायला हवी. ब्रेकअप झालं तर किती त्रास होईल, असा अंदाज पॉल ईस्टविक, एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांकडून आधीच घेऊन ठेवला होता (हा अभ्यास २००८चा). पुढे ज्यांचं खरंच ब्रेकअप झालं, त्यांना झालेला त्रास त्यांच्याच अंदाजापेक्षा कमी निघाला.

वर्षभर ही सरासरी आहे. कॅलेंडरवर खूण करून बसण्यासाठी ती नाही. पण तीन-चार वर्षं उलटूनही कुणी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ म्हणत असेल, तर कारण त्या नात्याच्या बाहेर शोधायला हवं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

आत्मसन्मान मोजायला जगभर सर्वांत जास्त वापरली जाते ती मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची प्रश्नावली. ‘माझ्यात काही चांगले गुण आहेत’, ‘कधीकधी मी अगदीच निरुपयोगी आहे असं वाटतं’, अशा धर्तीची विधानं. दहापैकी एकाही विधानात प्रेमाचा, जोडीदाराचा उल्लेख नाही. तरी ब्रेकअपनंतर उत्तरं बदलतात. मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं ते मला पटतं: आत्मसन्मान हा आपल्या आतला एक मापक आहे, आणि इतर लोक आपल्याला कितपत स्वीकारतात हे तो दाखवत असतो. नकार आला की काटा खाली जाणार, ते त्याचं कामच आहे. घोळ होतो तो काट्याचं वाचन हीच आपली किंमत समजल्यावर. स्थळं बघताना सलग पंधरा-वीस ‘योग नाही’ ऐकलेल्या मुलामुलींची अवस्था कुठलंही प्रेम न करता अशीच होते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणारे तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. लोक हसले. त्या मोर्चामागे शेती, बेकारी आणि मुलींची घटलेली संख्या तर होतीच, शिवाय कुणाच्याच ‘हो’मध्ये नसल्याची लाजही होती.

नातं जुळल्यावर माणसात काय बदलतं, हेही तपासलं गेलं आहे. आर्थर आरन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांना दहा आठवड्यांत पाच वेळा ‘आज तू कोण आहेस?’ असं विचारलं. त्या काळात जे प्रेमात पडले त्यांची स्वतःबद्दलची यादी लांबली, तिच्यात विविधता आली आणि आत्मसन्मानही वाढला. एरिका स्लॉटर, वेंडी गार्डनर आणि फिंकेल यांनी २०१० मध्ये उलट बाजू दाखवली. नातं तुटल्यावर ‘मी’ची ही यादी आक्रसते आणि धूसर होते, आणि ही धूसरता जितकी जास्त तितका मनस्ताप जास्त.

जवळून पाहिलं तर हे अगदी साधं दिसतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारा एखादा मुलगा घ्या. सकाळी साडेसहाला कुणी उठवायचं, कुठल्या टपरीवर चहा, पेपर कुणाबरोबर सोडवायचा, रविवारी कुठल्या टेकडीवर जायचं, इतकंच काय, राज्यसेवा द्यायची की कम्बाइन, हे सगळं त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने मिळून ठरवलेलं असतं. ती गेली की हे वेळापत्रकच जातं. मग तो म्हणतो, ‘माझा आत्मविश्वास गेला.’ गेलेला असतो मुख्यतः दिवसाचा सांगाडा. इथे पहिला उपाय बोलण्याचा नसून वेळापत्रकाचा असतो: उठण्याची वेळ, जेवणाची वेळ आणि अभ्यासाची जागा या तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात नव्याने ठरवाव्यात. टपरी बदलावी. नात्याआधी जे आवडायचं आणि मधल्या काळात सुटलं, त्यातलं एक काम परत हातात घ्यावं. भव्य छंद नको. दोन-तीन आठवड्यांत टिकणार नाही असं काही सुरू केलं की ते सुटल्यावर अपयशाच्या यादीत आणखी एक भर पडते.

आता स्वतःबद्दल लावलेल्या निकालाबद्दल. लॉरेन हाऊ आणि कॅरल ड्वेक यांच्या २०१६च्या अभ्यासात एक भेद स्पष्ट दिसला. स्वभाव जन्मतः ठरलेला असतो, बदलत नाही, असं मानणारी माणसं नकारातून स्वतःबद्दलचं ‘सत्य’ काढतात आणि ते पुढच्या नात्यात घेऊन जातात. स्वभाव घडत जातो असं मानणाऱ्यांना तोच नकार दुखतो, पण त्यांच्या ओळखीला चिकटत नाही. आपल्याकडे ‘मूळ स्वभाव जाईना’ हे लहानपणापासून ऐकवलं जातं. त्याची ही किंमत आहे.

महाराष्ट्रात हा निकाल तपासायला एक चांगलं हत्यार आधीपासून आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती (अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत) मुंबईच्या कि. मो. फडके यांनी इथे रुजवली, आणि ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोचली. एलिस तर आत्मसन्मान या कल्पनेच्याच विरोधात होते. एखाद्या कृतीला गुण द्या, पण सबंध माणसाला एकच गुण देता येत नाही, म्हणून स्वतःला विनाअट स्वीकारा, असं ते म्हणत. ब्रेकअपनंतर याचा वापर असा करता येतो. वहीच्या पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात घटना, दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, तिसऱ्यात त्यामुळे काय वाटलं आणि काय केलं, चौथ्यात त्या वाक्याची उलटतपासणी.

चुका बहुतेक पहिल्या रकान्यात होतात. ‘त्याने मला वापरून फेकून दिलं’ ही घटना नव्हे, तो अर्थ झाला. घटना म्हणजे: ‘दोन वर्षांनंतर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर घरचे तयार नाहीत असं लिहिलं आणि ब्लॉक केलं.’ दुसऱ्या रकान्यात खरं वाक्य यायला हवं, आणि ते बहुधा लाजिरवाणं असतं: ‘मी सोडून देण्याच्याच लायकीची आहे.’ तिसऱ्यात नुसतं ‘वाईट वाटलं’ लिहून भागत नाही. ‘गुरुवारच्या मुलाखतीला गेले नाही’ हे लिहिलं की वाक्याची किंमत दिसते. चौथ्यात तीन प्रश्न: याला पुरावा काय? एका माणसाच्या निर्णयावरून माझ्या सबंध लायकीचा निकाल कसा लागतो? हे वाक्य धरून ठेवल्याने माझं काय भलं होतंय? शेवटी जे नवं वाक्य येईल ते गोडगोड नसावं. ‘त्याने लग्न करावं असं मला फार वाटत होतं. झालं नाही, लागलं. त्यावरून माझी सबंध लायकी ठरत नाही.’ एवढं पुरे.

आरशासमोर उभं राहून ‘मी ग्रेट आहे’ म्हणायला लावणाऱ्या रीलवाल्यांनी इथे लक्ष द्यावं. कॅनडातल्या जोअन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घोकल्यावर आधीच आत्मसन्मान कमी असलेल्यांना उलट जास्त वाईट वाटतं. मन लगेच विरुद्ध पुरावे काढून समोर ठेवतं.

लिहिणंही सगळ्यांना मानवत नाही. ‘मनातलं सगळं लिहून काढ’ हा सल्ला सर्रास दिला जातो. डेव्हिड स्बारा यांच्या गटाने जोडीदारापासून नुकतेच विभक्त झालेल्यांवर २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासात, तेच ते उगाळत बसण्याची सवय असलेल्यांना भावना ओतून लिहिण्याने अपाय झाला. त्यांच्यापैकी ज्यांना फक्त दिवसभरात काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहायला सांगितलं होतं, ते अधिक सावरले. म्हणून रात्री अकरानंतर तीच कहाणी चौथ्यांदा लिहिली जात असेल तर वही मिटावी, आणि उद्याच्या कामांची यादी करावी. चार रकान्यांचं काम उजेडात, वीस मिनिटं, एका दिवशी एकच वाक्य.

फोनचं थोडक्यात. टारा मार्शल यांच्या २०१२च्या अभ्यासात जुन्या जोडीदाराचं फेसबुक पान सतत चाळणाऱ्यांमध्ये मनस्ताप आणि ओढ जास्त दिसली. कुणी म्हणेल, जास्त दुखावलेलेच जास्त चाळतात, आणि ते खरंही असेल. पण चाळणं थांबवून कुणाचं नुकसान झालेलं नाही. एकाच वर्गात असाल तर ग्रुप सोडता येत नाही. तो म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकावा आणि नोटिसा एखाद्या मित्राकडून घ्याव्यात.

इथपर्यंतचं सगळं व्यक्तीच्या हातातलं. यापुढचं नाही.

वर सांगितलेले बहुतेक अभ्यास अशा समाजांतले आहेत जिथे दोघांनी एकमेकांना सोडलं तर ते त्या दोघांनीच ठरवलेलं असतं. आपल्याकडे असंख्य नात्यांत दोघांपैकी कुणालाच सोडायचं नसतं. नातं मोडतं ते जातीवर. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२च्या फेरीत आंतरजातीय लग्नांचं प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे कॉलेजात, ऑफिसात, शिकवणीत जाती ओलांडून जुळलेल्या नात्यांपैकी फार थोडी मांडवापर्यंत पोचतात. अशा वेळी मन दोन वेगळे घाव घेतं. एक, समोरच्या घराने आपल्याला न भेटताच नाकारलं. दुसरा, ज्याच्या भरवशावर होतो तो आपल्यासाठी उभा राहिला नाही. दलित मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला यात जो अपमान येतो तो सामाजिक असतो, पण तो एकट्याने, आतल्या आत गिळावा लागतो. काही वर्षांनी त्याचं भाषांतर ‘मीच कमी पडलो’ असं झालेलं असतं. चार रकान्यांची मर्यादा इथे येते. ‘त्यांनी मला जातीमुळे नाकारलं’ हे वाक्य पहिल्या रकान्यातलं आहे. ते अविवेकी विचार म्हणून खोडायला सांगणारा समुपदेशक आपल्याच माणसावर दुसऱ्यांदा अन्याय करतो. खोडायचं असेल तर त्यापुढचं ‘म्हणून मी हलका’ हे खोडावं.

राज्याची भूमिका यात दोन तोंडांची आहे. आंतरजातीय जोडप्याला पन्नास हजारांचं अनुदान देणाऱ्या याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये अशा लग्नांची माहिती ठेवणारी ‘समन्वय समिती’ काढली. टीका झाल्यावर ‘आंतरजातीय’ शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला सांगितलं होतं. अडचणीतल्या किती जोडप्यांना त्यांच्या जिल्ह्यातल्या कक्षाचा फोन नंबर माहीत असतो?

मोडलेल्या नात्यावर घरच्यांचा तोडगा ठरलेला: ‘लग्न लावून टाका, होईल ठीक.’ गंमत म्हणजे, नवं नातं लवकर जुळल्याने नुकसानच होतं हा समजही तपासात टिकलेला नाही. क्लॉडिया ब्रम्बाह आणि ख्रिस फ्रेली यांच्या अभ्यासात नव्या नात्यात गेलेले लोक स्वतःबद्दल अधिक आश्वस्त आणि जुन्यातून अधिक मोकळे झालेले दिसले. पण ती नाती त्यांनी स्वतः निवडली होती. तीन महिन्यांत साखरपुडा उरकलेल्या मुलीने काहीच निवडलेलं नसतं. एका घरात ‘नाही’ झाली आणि दुसऱ्यात ‘खपवली’, असा संदेश तिला मिळतो, शिवाय मागचं कधी बोलायचं नाही ही अट.

काही नाती संपणं हाच उपाय असतो, हेही स्पष्ट म्हणायला हवं. जिथे रोज कपड्यांवरून, रंगावरून, इंग्रजीवरून टोमणे, फोनचा पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, भांडण झालं की हात कापून घेण्याची धमकी, तिथे आत्मसन्मान नातं चालू असतानाच झिजलेला असतो. गॅरी लेवांडोव्स्की यांनी २००७ मध्ये दाखवलं की ज्या नात्यात माणूस वाढत नव्हता ते तुटल्यावर तो वाढतो. अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं हा छळच आहे, असं २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगतो, आणि लग्नासारख्या सहजीवनालाही तो लागू होतो. मात्र एका छताखाली न राहणाऱ्या प्रियकराला तो पोचत नाही. तिथे पाठलागासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. संमतीने काढलेला खासगी फोटोही संमतीशिवाय पसरवला तर कलम ७७ लागतं.

मुलग्यांच्या बाबतीत धोका वेगळ्या दिशेने जातो. ‘बायकी रडू नकोस’ ऐकून वाढलेल्याला दुःखाचे दोनच मार्ग माहीत असतात: दारू किंवा राग. स्वतःची सगळी किंमत एका मुलीच्या होकारावर टांगली की तिचा नकार त्याला गुन्हा वाटू लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका प्राध्यापक तरुणीला पेटवून देण्यात आलं. त्या आठवड्यात फाशीची मागणी राज्यभर झाली. नकार पचवायला शाळेत शिकवा, असं म्हणणारे आवाज तेव्हाही थोडे होते, आजही थोडेच आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी साडेचार टक्क्यांपुढे ‘प्रेमप्रकरण’ असं कारण लिहिलेलं आहे, आणि सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. कारणाचा रकाना पोलीस भरतात. घरच्यांच्या नकाराचा भाग त्यातून ‘कौटुंबिक समस्या’ या सर्वांत मोठ्या रकान्यात किती गेला, हे कळायला मार्ग नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना निदान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. नेमणूक कागदोपत्री होईलच. त्या समुपदेशकाने मुलीच्या घरी फोन करून ‘तुमच्या मुलीचं काहीतरी चाललंय’ असं सांगितलं, तर पुढच्या वर्षी त्या खोलीकडे कुणी फिरकणार नाही. जीवाला धोका नसेल तर गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही, हे दारावरच लिहिलेलं हवं. धोका वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहता राहिली लग्नाच्या बाजारातली चौकशी. ‘तिचं आधी कुठे काही नव्हतं ना?’ हा प्रश्न चारित्र्याची परीक्षा म्हणून विचारणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. त्याने दोन नुकसानं होतात. खरं बोलणारी व्यक्ती बाद होते, आणि लपवणारी संसारभर पकडले जाण्याच्या भीतीत राहते. आत्मसन्मान भरून यायला ‘हे माझ्या बाबतीत घडलं’ असं निदान एका माणसासमोर सहज म्हणता यावं लागतं. नेमका तो माणूसच परीक्षक बनला की वाट बंद.

काय सांगायला हवं आणि काय नाही, याची रेघ आखता येते. आधीचं लग्न, घटस्फोट, मूल, चालू असलेला खटला, कर्ज, जोडीदाराला लागू शकेल असा आजार: हे सांगायलाच हवं, आणि बोलणी पक्की होण्याआधी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची बाब लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द होऊ शकतं. आधीचं लग्न लपवणं न्यायालयांनी अशी बाब मानली आहे. अर्ज फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. लग्नाआधीचं प्रेम मात्र घटस्फोटाचं कारण नाही. कलम १३ मधला व्यभिचार लग्न लागल्यानंतरचा. कोण होता, किती दिवस, कुठवर गेलं होतं, हे सांगणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

आणि विचारलंच तर? ‘एक नातं होतं, दोन वर्षांपूर्वी संपलं, आता संपर्क नाही,’ ही तीन वाक्यं खरी असतील तर पुरेशी आहेत. समोरच्याला त्यातून काय शिकलीस, काय नको वाटतं, हे जाणून घ्यायचं असेल तर तो चांगला प्रश्न आहे, त्यावर तासभर बोलावं. नावगाव, फोटो, जुने मेसेज मागितले, ‘मोबाइल दाखव’ म्हटलं, तर घरी येऊन नकार कळवावा. मध्यस्थाने कारण विचारलं तर हेच कारण सांगावं.